तिकीट सोडवायचं की पाकीट ठेवायचं?

मासुंदाकाठ · शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली बिल्डिंग एकदाची पुनर्विकासाला चालली. (पंधरा वर्षं "पुढच्या दिवाळीपर्यंत नक्की" चालू होतं.) महिनाअखेर घर रिकामं करून कोलशेतला भाड्याने जायचंय, म्हणून माळा उपसायला घेतला. पितळेची भांडी, दोन बंद पंखे, घरात कुणाचीच नव्हती अशी एक कुबडी, आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. त्यात माझ्या आजोबांना आलेली पत्रं. सुतळीने बांधलेले सात गठ्ठे, साडेतीनशे तरी असतील. अप्पा १९४६ साली राजापूर तालुक्यातून ठाण्याला आले, कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि आलेलं एकही पत्र त्यांनी टाकून दिलेलं दिसत नाही.

माझी लेक सहावीत आहे. गेल्या वर्षापासून तिला टपाल तिकिटांचा नाद लागलाय. डबा उघडल्यापासून ती कोमट पाण्याची बादली घेऊन बसलीय. दोन पाकिटं भिजवून झालीसुद्धा. तिकिटं छान सुटली, पण दुसऱ्या पाकिटावरची शाई सुटली, पाणी जांभळं झालं आणि त्या जांभळ्या पाण्यात अप्पांचं नाव गेलं. मला एकदम कसंतरी झालं. तिला म्हटलं, आता पुरे, उद्या बघू.

तर जाणकारांनी सांगा, तिकिटं सोडवू द्यावीत की पाकिटं तशीच ठेवावीत? घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, पत्रं वाचणार कोण, निदान तिकिटं तरी अल्बममध्ये राहतील. सासूबाई तटस्थ आहेत, त्यांना फक्त बादली परत हवीय.

टपालवेडा · शनिवार, रात्री १०.२२

थांबा! बादली आत्ताच्या आत्ता मोरीत ओता. सविस्तर उद्या लिहितो.

खारघरचा_खारू · शनिवार, रात्री १०.५०

आले पाकीटवाले! ताई, यांचं ऐकू नका. आपण सगळे बादलीतूनच मोठे झालो. पोरीला बादलीची मजा घेऊ द्या, फक्त नीट कसं करायचं ते शिकवा. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून पाकीट कापायचं. कोमट पाण्यात तिकीट वर करून तरंगत ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते आपणहून सुटतं, नखाने ओढायचं नाही. मग उलटं करून टीपकागदावर वाळवायचं, आणि अर्धवट ओलं असतानाच जाड पुस्तकाखाली दाबायचं, नाहीतर कुरकुरीत पापडासारखं वळतं. उन्हात अजिबात नाही. लाल-गुलाबी पाकिटं वेगळ्या वाटीत, त्यांचा रंग बाकीच्यांना लागतो. हल्लीची स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती कागदासकट कापून ठेवायची.

जांभळं पाणी झालं ते कॉपिंग पेन्सिलीमुळे असणार. तिचं अक्षर कोरडं असेपर्यंत पेन्सिलीचं दिसतं, पाणी लागलं की शाई. तेवढी पत्रं वगळा.

लोकलपीडित · शनिवार, रात्री ११.०५

मी शीर्षक वाचून समजलो की टीसीने पाकीट मारलं.

टपालवेडा · रविवार, सकाळी ८.४०

चहा झाला, आता लिहितो. मोठं होईल.

खारूभाऊंनी सांगितलेली पद्धत शंभर टक्के बरोबर आहे, पण ती कशासाठी? कचेरीतल्या रद्दीत आलेल्या पाकिटांसाठी. तुमच्या डब्यात जे आहे ते वेगळं आहे.

सुटं तिकीट काय सांगतं? किंमत, चित्र, फार तर अर्धा शिक्का. तेच तिकीट पाकिटावर असेल तर पत्र कुठल्या गावात पडलं, कुठल्या तारखेला, त्याला किती पैसे लागले, कुठून कसं आलं, हे सगळं समोर दिसतं. पुढच्या बाजूला जिथून निघालं तिथला शिक्का आणि पाठीमागे जिथे पोचलं तिथला. ताई, पाकिटं उलटी करून बघा. मागे ठाण्याचा शिक्का असेल, आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग आताच्यासारखं 'ठाणे' नसून 'थाना' असं वाचलं जाईल असं असेल.

उदाहरण देतो. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडला छापलेली, वर हिंदीत आणि उर्दूत 'बापू'. दीड आण्याचं वापरलेलं तिकीट आज कुठल्याही विक्रेत्याच्या डब्यात मिळतं, काही विशेष नाही. पण तेच राजापूरच्या शिक्क्यासह, ठाण्याच्या पत्त्याच्या पाकिटावर असेल तर ती वस्तू एकच. तिची दुसरी प्रत कुठेच नाही. (दहा रुपयांचं मिळालं तर आधी मला फोन करा, मग नवऱ्याला. आणि मिळालंच तर आधी ते खोटं असणार असं धरून चला, कारण त्याच्या नकला भरपूर आहेत.)

या छंदाला दोन फांद्या आहेत. तिकिटं जमवणं ही एक, टपालाचा इतिहास जमवणं ही दुसरी. पहिलीची सुरुवात बादलीने होते. दुसरीत बादली म्हणजे गुन्हा.

चष्मिष_ऐरोली · रविवार, सकाळी ९.३०

जरा थंड पाणी ओततो (बादलीत नाही). लोकांना उगाच आशा लावू नका. माझ्याकडे शाळेपासूनचे तीन अल्बम होते. दोन वर्षांपूर्वी फोर्टात एका विक्रेत्याकडे घेऊन गेलो. त्याने पाच मिनिटं पानं उलटली, चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, "अल्बम विकताय की तिकिटं? अल्बमचे दोनशे देतो." म्हणजे रिकाम्या अल्बमचे!

कारण काय? अर्धी पानं अजमान, शारजा, फुजैरा. साठ-सत्तरच्या दशकांत त्या अमिरातींच्या नावावर जगभरच्या पोरांसाठी ढिगाने छापलेली तिकिटं. फुलपाखरं, अंतराळवीर, मोटारी, जुनी चित्रं. शिक्कासुद्धा छापखान्यातच मारलेला, आणि मागे डिंक जसाच्या तसा! पत्रावर न लागताच 'वापरलेली'. आम्ही ती जीव टाकून जमवली.

तेव्हा ताई, पैशाच्या हिशेबाने विचारत असाल तर दोन्ही बाजूंनी उत्तर शून्याच्या आसपासच आहे.

मासुंदाकाठ · रविवार, सकाळी ९.४५

पैशाचं डोक्यातही नाही हो. जांभळ्या पाण्याने अस्वस्थ केलं, एवढंच.

टपालवेडा, मागे शिक्के आहेत! आणि खरंच 'थाना'. लेकीने लगेच वही काढलीय.

चरईची_चिऊ · रविवार, सकाळी १०.१०

शारजाचं नाव काढलंत आणि माझं बालपण समोर उभं राहिलं. आमच्या वर्गात देशांची नावं ओळखायची शर्यत लागायची. 'हेल्वेटिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'मग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'स्वेरिये' म्हणजे स्वीडन. आणि ज्या तिकिटावर देशाचं नावच नाही, फक्त राणीचं डोकं, ते इंग्लंडचं. भूगोलाच्या बाईंनी एकदा युरोपातले देश विचारले तर मी हेल्वेटिया सांगितलं आणि कोपऱ्यात उभी राहिले. बरोबर असून!

खारघरचा_खारू · रविवार, सकाळी १०.२५

इंग्लंडने १८४० मध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट काढलं, पेनी ब्लॅक. तेव्हा दुसऱ्या कुठल्याच देशाचं तिकीट नव्हतं, मग नाव छापायचं कशाला? ती ऐट आजतागायत चालू आहे.

नेरूळचा_नाना · रविवार, सकाळी १०.४०

आपणही काही मागे नव्हतो. १८५२ मध्ये सिंध प्रांतात 'सिंध डाक' निघाली, आशियातलं पहिलं तिकीट. गोल, अर्ध्या आण्याचं. लाल रंगाचं तर लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं, त्यामुळे हाताळताना तुटायचं, म्हणून आज अख्खं मिळणं कठीण. सिंधचा तेव्हाचा कमिशनर बार्टल फ्रेर, त्याने ते सुरू केलं आणि १८५४ मध्ये साऱ्या देशासाठी तिकिटं आल्यावर बंद झालं.

अवांतर: ठाणेकर असून १९५३ चं दोन आण्यांचं रेल्वे शताब्दीचं तिकीट घरात नसेल तर ठाणेकर म्हणवू नये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी आपल्याकडेच आली होती. शंभर वर्षांनी बरोबर त्याच तारखेला तिकीट काढलं, त्यावर जुनं आणि नवं अशी दोन्ही इंजिनं. पुढे १९७६ मध्ये चार इंजिनांचा संच आला, त्यातल्या दोन रुपयांच्या तिकिटावर १८५३ चं इंजिन. मी दोन्ही घेतली आहेत, राहतो नेरूळला असलो तरी.

लोकलपीडित · रविवार, सकाळी १०.४४

आणि तेव्हापासून गाडी ठाण्याला येईपर्यंत बसायला जागा मिळालेली नाही.

बीट_नंबर_७ · रविवार, दुपारी १.२०

मी छत्तीस वर्षं पोस्टमन होतो, त्यातली बरीचशी ठाण्यातच. तिकीट जमवणाऱ्या पोरांनी आमचा जीव नकोसा केलेला असायचा. "काका, शिक्का हळू मारा ना, काका, कोपऱ्यावर मारा ना." अहो, शिक्का मारणारा वेगळा, वाटणारा वेगळा! आणि शिक्का हळू मारला तर तेच तिकीट पुन्हा वापरणारे महाभाग आहेत. काही लोक नव्या तिकिटावर पातळ डिंक किंवा खळ चोळून मग पत्र टाकायचे, म्हणजे शिक्का डिंकावर बसतो आणि धुतला की जातो. असं पाकीट हाताला लगेच कळतं, गुळगुळीत लागतं.

ताईंना एक विचारतो. डब्यात कोपरा फाडलेलं कार्ड आहे का? बहुधा नसणार. गेल्याची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे. ते घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडायचे. मला आळीत शिरताना कळायचं की आज कुणाच्या दारात काय देतोय. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं पत्र असलं की मात्र सायकलची घंटी दोनदा वाजवायचो.

आणखी एक. १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीच्या पाकिटांवर पिनकोड दिसणार नाही. ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली, आपला मराठी माणूस, संस्कृतचे मोठे पंडित. त्याआधी "टेंभीनाक्याजवळ, ठाणे" एवढ्यावर पत्र पोचायचं. आता इमारत, विंग, मजला, पिन सगळं असून वॉचमन विचारतो कुणाचं.

अनुस्वार · रविवार, दुपारी २.०५

काका, अजून लिहा. वेगळा धागाच काढा.

मासुंदाकाठ · रविवार, दुपारी ३.३०

बीट नंबर ७ काका, तुम्ही म्हणालात ते बरोबर. आम्ही दोघींनी सगळी कार्डं पाहिली. कोपरा फाडलेलं एकही नाही. अप्पांची आई १९५५ मध्ये गावी वारली. तेव्हाचं कार्ड आलं असणार, पण त्या महिन्यातलं काहीच डब्यात नाही. हे तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्या लक्षातही आलं नसतं.

आता यादी देते. साधारण निम्मी पत्रं गावाहून. मामाआजोबांची दादरहून पंचवीसेक, त्यातल्या एकावर नानांचं दोन आण्यांचं रेल्वेचं तिकीट निघालं, त्यामुळे मी ठाणेकर राहिले. बारा-पंधरा पत्रं सैन्यातल्या एका नातेवाइकाची, त्यांवर गावाचं नाव नाही, नुसता नंबर. चौदा पाकिटं अप्पांच्या धाकट्या भावाची, नैरोबीहून. आणि सात-आठ कार्डं अशी की एक अक्षर लागत नाही. आधी वाटलं घाईत लिहिलंय, मग कळलं की ती मोडी आहे.

नैरोबीच्या चौदाच्या चौदा पाकिटांना तिकिटाच्या जागी चौकोनी भोक आहे. कात्रीने कापलेलं. कुणी कापलं असेल?

टपालवेडा · रविवार, दुपारी ३.४०

अरेरे. त्या काळात तिथे केनिया, युगांडा आणि टांगानिका या तिघांचं मिळून एकच तिकीट असायचं, राजाचं डोकं आणि सोबत सिंह, नाहीतर तळ्यातली होडी. नैरोबी ते ठाणे, मराठी पत्ता, चौदा पाकिटं... आणि भोकं. ज्याने कापलं त्याला माझा नमस्कार कळवू नका.

सैन्यातल्या पत्रांवरचा नंबर म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा. जागा कळू नये म्हणून गावाऐवजी नंबर. ती अजिबात भिजवू नका. कोरियाला १९५३ मध्ये आपली जी तुकडी गेली होती, तिच्यासाठी आपल्याच तिकिटांवर देवनागरीत छापून दिलं होतं, शेवटचा शब्द 'कोरिया'. तसं काही दिसतं का बघा.

मासुंदाकाठ · रविवार, दुपारी ३.५५

कोरिया नाही. पण १९७२ च्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जास्तीचं तिकीट आहे, कुटुंब नियोजनाचं, आणि वर इंग्रजीत काहीतरी शिक्का. लेक विचारतेय की चुकून लावलं का.

नेरूळचा_नाना · रविवार, संध्या. ४.१०

चुकून नाही, सक्तीने. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्रावर पाच पैसे जादा लागायचे. नवीन तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असं छापून दिलं. तीही सगळीकडे वेळेवर पोचली नाहीत, मग बंगळूर, जयपूर, गोवा अशा ठिकाणी स्थानिक पातळीवरच छाप मारले. त्यामुळे अक्षरं वेगवेगळी. पुढे खास वेगळं तिकीटही आलं.

आता बघा, हेच तिकीट सोडवून अल्बमात लावलं तर ते नुसतं पाच पैशांचं छाप मारलेलं तिकीट. पाकिटावर दुसऱ्या तिकिटाशेजारी असेल तरच कळतं की ते जादा होतं. तुमच्या लेकीने बरोबर तोच प्रश्न विचारला, तो पाकीट समोर होतं म्हणून.

खारघरचा_खारू · रविवार, संध्या. ४.३०

बरं बाबा, हे एक मान्य. निर्वासित पाकिटावरच राहू द्या.

घोडबंदरी · रविवार, संध्या. ५.००

व्हॉट्सॅपच्या जमान्यात एवढा काथ्याकूट! फोटो काढून ठेवा सगळ्यांचे आणि मोकळे व्हा. नव्या घरात जागा कुठे असते?

अनुस्वार · रविवार, संध्या. ५.२०

फोटो जरूर काढावेत, पण "मोकळे व्हा" नको.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. ही पत्रं वाचावीत का? आमच्याकडे अशीच एक पेटी निघाली होती. त्यात माझ्या आत्याने माहेरी लिहिलेली पत्रं होती, सासरच्या तक्रारींची. ती हयात होती तेव्हा. आम्ही हसत हसत मोठ्याने वाचत होतो आणि ती आत येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, पत्रं उचलली आणि बंबात घातली. त्यावर निळं अशोकस्तंभाचं की कसलं तिकीट होतं ते मला आठवत नाही, तिचा चेहरा आठवतो.

चरईची_चिऊ · रविवार, संध्या. ५.३५

बाप रे.

चष्मिष_ऐरोली · रविवार, संध्या. ६.१५

विषय हलका करतो. नियम आहे ना की जिवंत माणसाचं तिकीट काढत नाहीत? मग कुणीतरी मला सांगत होतं सचिनचं आहे म्हणून.

टपालवेडा · रविवार, संध्या. ६.३०

आहे, नोव्हेंबर २०१३, त्याच्या दोनशेव्या कसोटीच्या वेळी. पण पहिला मान आपल्या महर्षी कर्व्यांचा. १८ एप्रिल १९५८ ला ते शंभर वर्षांचे झाले, त्या दिवशी तिकीट निघालं आणि ते पाहायला ते हजर होते. दोन वर्षांनी विश्वेश्वरय्या. हयात माणसाचं सहसा काढत नाहीत, एवढंच खरं.

खारघरचा_खारू · रविवार, संध्या. ६.४०

माझ्याकडे २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट आहे. पंधरा रुपयांचं. बायको सांगते की आता त्याला आमच्या कपाटाचा वास येतो.

मासुंदाकाठ · सोमवार, रात्री ९.५०

कात्रीवाला सापडला.

काल रात्री बाबांकडे (वय ७६) नैरोबीची पाकिटं नेऊन ठेवली आणि विचारलं, ही कुणी कापली असतील हो? बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "चौथीत होतो. अप्पा कचेरीत गेले की कापायचो." चौदाच्या चौदा सिंह आणि होड्या त्यांनी वर्गातल्या एका मुलाला दिल्या आणि बदल्यात एक त्रिकोणी तिकीट घेतलं. कुठल्या देशाचं आठवत नाही, त्यावर बेडूक होता. अप्पांना कळलं तेव्हा मारलं नाही, पण त्या दिवसापासून डबा माळ्यावर गेला. म्हणून हा डबा साठ-पासष्ट वर्षं तिथे राहिला!

लेक हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, चौदाला एक? तुम्हाला फसवलं." बाबा अजून फुगून बसलेत.

टपालवेडा · सोमवार, रात्री १०.०२

नमस्कार कळवा आता. मीसुद्धा एका डॉल्फिनसाठी आजोबांचं जॉर्ज राजाचं अख्खं पान देऊन बसलो होतो.

मीठभाकर · सोमवार, रात्री १०.३०

वाचते आहे फक्त, पण कामाचं एक सांगते. तुमची लेक सहावीत आहे ना? टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती आहे, २०१७ मध्ये सुरू झालेली, सहावी ते नववीच्या मुलांसाठी. वर्षाला ६००० रुपये. शाळेत फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रहाचा) क्लब हवा, नसेल तर मुलीचं स्वतःचं फिलाटेली ठेव खातं चालतं. ते दोनशे रुपयांत उघडता येतं आणि नवी तिकिटं घरपोच येतात. प्रश्नमंजुषा असते आणि एक प्रकल्प करावा लागतो. प्रकल्पाचा विषय तुमच्या डब्यात तयारच आहे.

आणि शिफ्टिंगच्या गडबडीत पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत घाम धरतो, महिन्याभरात तपकिरी ठिपके पडतात. पत्र्याचा डबाच बरा, वर सिलिका जेलच्या पुड्या. सेलोटेप तर लावूच नका कशाला.

मासुंदाकाठ · बुधवार, रात्री ८.३०

मीठभाकर, शाळेत विचारलं. क्लब नाही, खातं उघडतो आहोत.

निकाल असा. लेकीने बादली सोडली. मी सांगितलं म्हणून नाही. तिने वहीत दोन रकाने केले, गावचा पुढचा शिक्का आणि ठाण्याचा मागचा. मग वजाबाकी. हिवाळ्यात पत्राला तीन दिवस, कधी चार. जून ते सप्टेंबर सहा, सात, एकदा अकरा. तिने विचारलं असं का, तर बाबा म्हणाले पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, मग सगळं घाटावरून फिरून. आता तिला साडेतीनशेचा आलेख काढायचाय. ज्या पाकिटांवर शिक्का वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती भिंग घेऊन बसते. भिजवलेल्या दोन पाकिटांचे शिक्के गेले, त्या दोन ओळी वहीत रिकाम्या ठेवल्यात आणि पुढे लिहिलंय "मी".

बादलीची हौस भागावी म्हणून सोसायटीत सगळ्यांकडे बँकांची आणि लग्नपत्रिकांची पाकिटं मागितली. खारूभाऊ, तुमच्या पद्धतीने कालच चाळीस तिकिटं सुटली, पापड एकही झाला नाही.

खारघरचा_खारू · बुधवार, रात्री ८.४१

म्हणजे शेवटी बादली आहेच. मी जिंकलो असं समजतो.

मासुंदाकाठ · बुधवार, रात्री ८.४४

सासूबाईंना बादली अजून मिळालेली नाही.

एकच राहिलं. मोडीची कार्डं. कुणाला वाचता येतं का? एकाचा फोटो खाली टाकलाय. शिक्का जुलै १९४९.

बाळबोध · बुधवार, रात्री ११.१५

मला येतं थोडंफार, दोन वर्षांपूर्वी वर्गाला जायचो. कार्ड भिजलेलं आहे, दोन शब्द लागले नाहीत. बाकी असं आहे:

"श्री. चि. ... यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. पाऊस फार. मागील तीन कार्डांचे उत्तर नाही. तू लिहीत नाहीस, की तुझ्या ठाण्यातील पोष्टमन कार्डे टाकतो कोठे ... ते कळवावे."

बीट_नंबर_७ · गुरुवार, सकाळी ६.५०

ताई, पणजीबाईंना माझा नमस्कार. पण हे माझ्यावर ढकलू नका, जुलै १९४९ मध्ये माझा जन्मही झाला नव्हता.